विकायच्या गोधड्या, घरच्या पोळ्या आणि एकच वही

चिंचवडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय 36. घरात नवरा, 11 वर्षांची मुलगी, 6 वर्षांचा मुलगा आणि 68 वर्षांच्या सासूबाई. चार वर्षांपासून त्या जुन्या सुती साड्यांच्या हातशिलाईच्या गोधड्या करून विकतात, जास्त करून बाळांच्या. 36 बाय 42 इंचांची गोधडी 850 रुपयांना जाते. गेल्या दिवाळीत त्यांनी 14 ऑर्डरी घेतल्या, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत शिवत बसल्या, फराळ सगळा विकत आणला. तेव्हापासून आठवड्यातले चार दिवस पोळ्याही बाहेरून येतात. सासूबाई म्हणतात, बाजारच्या पोळ्या घशाखाली उतरत नाहीत. ताई विचारतात, "धंदा कमी करू की पोळ्यांना मावशी लावू? आणि काहीही केलं तरी मनाला लागून राहतं, त्याचं काय करू?" जाता जाता आणखी एक छोटा प्रश्न त्यांनी विचारलाय. त्याचं उत्तर शेवटी देते.

ताई, मी साताऱ्यात 24 वर्षं गोधड्या करते आहे. सुरुवात आजीच्या पेटीतल्या तीन लुगड्यांवर झाली, आता माझ्याबरोबर पाच जणी शिवतात. तुमची दिवाळी मी जशीच्या तशी भोगली आहे, म्हणून तुम्ही विचारलं नाहीत ते आधी सांगते. तुमच्याकडे ऑर्डरींची वही असणार. त्या वहीत स्वयंपाक कुठेच नसणार. माझ्याही नव्हता. आपण गोधडीचे दिवस मोजतो आणि स्वयंपाक आपोआप होणार असं धरून चालतो. तो आपोआप होत नाही, तो आपणच करतो, आणि ते तास वहीत नसल्यामुळे शेवटी झोपेतून कापले जातात.

तर आधी हिशेब करू. मी गोधडी नगावर मोजत नाही, चौरस फुटावर मोजते. दोन ओळींत एक इंच अंतर धरलं तर एका चौरस फुटात बारा इंचांच्या बारा ओळी येतात, म्हणजे 144 इंच धावदोरा. सुईवर पाच-सहा टाके घेत, मध्ये दोरा ओवत, गोधडी फिरवत, हात बसलेल्या बाईचे मिनिटाला साडेतीन-चार इंच होतात. म्हणजे एक चौरस फूट साधारण 40 मिनिटांचा. कडेकडेनं फिरत मध्याकडे शिवा किंवा सरळ ओळी घाला, तेवढाच वेळ लागतो. तुमची बाळगोधडी साडेदहा चौरस फुटांची, म्हणजे सात तास नुसते टाके. साड्या धुणं, फाटका भाग काढणं, थर लावून कच्चा धागा घालणं, कडा दुमडणं याचे दोन तास धरा. एकूण नऊ. कापड, दोरा, पिशवी आणि पाठवणी मिळून 250 रुपये वजा केले, तर 850 मधले तुमच्या हातात 600 उरतात. तासाला 67 रुपये.

आता पोळ्या. चाळीस मिनिटांत, कणीक मळण्यासकट, माझ्या बारा पोळ्या होतात. तुमच्याही साधारण तेवढ्याच होत असतील. म्हणजे बारा पोळ्या आणि एक चौरस फूट गोधडी यांना सारखाच वेळ लागतो. बाहेरची पोळी दहा रुपयांना धरली तर बारांचे 120. घरी केल्या असत्या तर पीठ, तेल, गॅस मिळून 25 च्या आसपास. म्हणजे 40 मिनिटं मोकळी करायला तुम्ही 95 रुपये मोजता आणि त्याच 40 मिनिटांत गोधडीवर 45 रुपये कमावता. ताई, दर वेळी 50 रुपये पदरचे जातायत. सासूबाईंना न आवडणाऱ्या पोळ्या आणून तुम्ही कमी भावाची गोधडी शिवताय.

हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. मला हे कळायला सात वर्षं लागली, कारण दोन्ही आकडे कधी एका कागदावर आलेच नव्हते.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या भागात वीस पोळ्यांना मावशी महिन्याला 2000 रुपये घेतात. आठवड्याची एक सुट्टी धरून दिवसाला 77 रुपये पडतात आणि तुमची 65-70 मिनिटं वाचतात. आजच्या भावानं त्या वेळात तुम्ही 78 रुपये कमावता. हिशेब बरोबरीत सुटतो. पण गोधडी 1200 रुपयांना विकलीत तर तुमचा तास 105 रुपयांवर जातो, त्याच 70 मिनिटांचे 120 च्या वर होतात, आणि मावशी परवडतात. बाहेरची पोळी मात्र 1200 च्या भावातही परवडत नाही. म्हणून माझं उत्तर असं: भाव 1200 करा, मावशी लावा, बाजारच्या पोळ्या बंद करा. पीठ तुमचं, तेल तुमचं, तवा तुमचा, पोळी घरात गरम होणार. सासूबाईंना काय चालतं आणि काय नाही, हे त्यांनीच मावशींना पहिले दोन दिवस सांगू द्या. त्यांचा आक्षेप मला खरा वाटतो. शिळसर, वातड पोळी त्या वयात खरंच घशाखाली उतरत नाही.

एक लक्षात ठेवा. वाचलेली 70 मिनिटं गोधडीवर गेली तरच हा हिशेब लागू होतो. ऑर्डर नसलेल्या महिन्यात मावशींचे पैसे तुमच्या खिशातून जाणार, आणि ते द्यायचे. त्यांना "या महिन्यात येऊ नका" म्हणायचं नाही. त्याही स्वतःच्या घरी सकाळी सहाला पोळ्या लाटून तुमच्याकडे येतात. आठवड्याची सुट्टी, दिवाळीला एक पगार आणि तुम्ही गावाला गेलात तरी पूर्ण महिना, एवढं पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

भाव वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल ही भीती मला माहीत आहे. काही तुटतात. मी एका वर्षात सरळ दीडपट भाव केला, तेव्हा जुन्यांपैकी बऱ्याच जणींनी पुन्हा फोन केला नाही. दोन महिने हात मोकळे राहिले आणि पोटात गोळा यायचा. मग गोधडीबरोबर एक चिठ्ठी द्यायला लागले: किती साड्या, किती थर, किती तासांची शिवण, धुवायची कशी. सात तासांचे टाके म्हटल्यावर लोक गोधडी उलटी करून बघतात, बोटानं ओळ चाचपतात. भाव समजून घेणारं गिऱ्हाईक असंच मिळत गेलं. शिवाय बाळाची गोधडी कुणी दर महिन्याला घेत नाही. डोहाळजेवण, बारसं, पहिली थंडी, एवढ्या वेळी माणूस दोन-तीनशे रुपयांसाठी मागे फिरत नाही.

आता दिवाळी, कारण तुमचा खरा घाव तिथला आहे. आपल्या धंद्याचा आणि स्वयंपाकघराचा हंगाम एकच आहे. दिवाळीला गोधड्यांची मागणी आणि दिवाळीलाच फराळ. घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण चार आठवडे असतात. दिवसाला तीन तास, आठवड्याला सहा दिवस शिवलं तर 72 तास. शेवटचा आठवडा घर आवरण्याचा आणि फराळाचा, तो काढला की 54 राहतात. नऊ तासांची एक, म्हणजे सहा गोधड्या. तुम्ही 14 घेतल्या होत्या, म्हणजे 126 तासांचं काम. उरलेले 72 तास रात्रीतून आले, आणि रात्रीच्या विजेच्या दिव्याखाली घातलेला टाका दिवसाच्या टाक्यासारखा येत नाही, हे तुम्हालाही दिसलं असेल.

मी घटस्थापनेला ऑर्डरींची वही मिटते. घट बसले की दिवाळीची नवीन ऑर्डर घेत नाही, मग मामेबहीण असली तरी. जिला हवी असते ती आता गणपतीतच सांगते. आणि जास्त गोधड्या द्यायच्या असतील तर त्या दिवाळीच्या आधी महिनाभरात करत नाही, पावसाळ्यात करते. जून ते ऑगस्ट आमच्याकडे बाहेर पडायची सोय नसते, शिवायला तेच दिवस चांगले. फक्त एक अडचण असते. पावसात साडी वाळत नाही. नीट न वाळलेल्या कापडाची गोधडी शिवली तर आतल्या थराला कुबट वास धरतो आणि तो पुन्हा निघत नाही. म्हणून साड्या धुऊन, कडक उन्हात वाळवून, थर पाडून एप्रिल-मे मध्येच ठेवाव्या लागतात.

आणि एप्रिल-मे म्हणजे वाळवणं! इथे दोन्ही कामं एकाच गच्चीवर येतात. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजत घातलेला असतो, चौथ्या दिवशी चीक शिजवून गच्चीवर घालायचा असतो, आणि त्याच उन्हाची वाट बघत वीस साड्या बादलीत असतात. पहिली काही वर्षं मी दोन्ही एकदम केलं. दोरीवरच्या ओल्या साडीचं पाणी कुरडयांवर ठिबकलं, आणि दुसऱ्या एका वर्षी वाळत टाकलेल्या मिरच्यांची पूड वाऱ्यानं उडून पांढऱ्या अस्तरावर बसली. लाल मिरची बाळाच्या पांघरुणावर! ते अस्तर मी तीनदा धुतलं आणि तरी विकलं नाही, पायपुसण्याला वापरलं. तेव्हापासून मार्चअखेर आणि एप्रिल साड्यांचा, मेचे पहिले दोन आठवडे वाळवणांचे, मिरची-मसाला त्यानंतर. साडी दोरीवर असेल त्या दिवशी मिरची घरात. एवढं ठरवायला दहा मिनिटं लागतात आणि वर्षभर उपयोग होतो. चिंचवडला तुम्हाला गच्ची आहे की नुसती बाल्कनी, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बाल्कनीच असेल तर साड्या एका वेळी चारच धुवा आणि कुरडया सोडून द्या, सांडगे करा. सांडगे एका ताटात बसतात.

फराळाचं म्हणाल तर सगळा विकत आणलात याचं तुम्हाला वाईट वाटलं. यंदा निम्मा करा. माझ्या घरी चिवडा, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू घरचे. चकली आणि अनारसे मी एका काकूंकडून घेते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, पीठ मुरवा, आणि एवढं करून तळताना फसफसून तेलात विरघळले की अख्खी दुपार जाते. ज्यांचा हात त्यावर बसला आहे त्यांच्याकडून मी ते अभिमानानं विकत घेते, जसं त्या माझ्याकडून नातवासाठी गोधडी घेतात. चिवडा मात्र घरीच, कारण पोहे भाजताना मुलं भोवती असतात आणि दाणे-खोबरं निम्मं तिथंच संपतं.

तळणीच्या दिवशी घरात एकही उघडी गोधडी नको. सुती कापड वास पिऊन घेतं. हे मी किंमत देऊन शिकले. 2009 साली पुण्यातल्या एका दुकानाची मोठी ऑर्डर होती. तयार गोधड्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेल्या दिवाणावर रचल्या होत्या. आठवडाभरानं एक गठ्ठा परत आला, सोबत निरोप: बाळाच्या गोधडीला हिंगाच्या फोडणीचा आणि सुकटीचा वास येतो. मी नाकाला लावून बघितलं तर मला वास आलाच नाही, कारण मी त्याच वासात राहत होते. गोधड्या पुन्हा धुतल्या, पण नव्या शिवणीला चोळून धुणं सोसत नाही, कडा आखडल्या. तेव्हापासून माझे नियम ठरलेले आहेत आणि ते तुम्ही जसेच्या तसे उचला. शिवणाची जागा स्वयंपाकघरापासून शक्य तितकी लांब, दार लावलेलं. तयार माल धुतलेल्या सुती उशीच्या अभ्र्यात, प्लॅस्टिकमध्ये नाही. लसणाची, सुकटीची, मिरचीच्या ठेच्याची फोडणी शिवणाच्या वारी नाही. स्वयंपाकातून उठून शिवायला बसताना हात डाळीच्या पिठानं नाहीतर साबणानं नीट धुवायचे, तेलकटपणा राहता कामा नये. हळदीचा डाग पडलाच तर त्याला साबण लावायचा नाही, साबण लागला की डाग लाल होतो आणि घाबरून आपण आणखी चोळतो. नुसत्या पाण्यानं हलकेच धुऊन कडक उन्हात टाकायचं. दोन-तीन दिवसांत ऊन हळद घेऊन जातं.

शिवणाचे वार म्हटलं, ते कसे ठरवायचे? आठवड्यातले चार दिवस शिवणाचे ठेवा, दोन दिवस स्वयंपाकाच्या तयारीचे. सणासुदीच्या गर्दीत सहा दिवस शिवावं लागतं, ते तेवढ्यापुरतं. रविवार कुणाचाच नाही. तयारीच्या दिवशी कांदा-खोबरं भाजून वाटण करून ठेवते, चार दिवस पुरतं. मटकी किंवा मूग रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधते, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत दुसरा दिवस लागतो. चिंच कोळून, दाण्याचं कूट करून, भाज्या निवडून. शिवणाच्या दिवशीचं जेवण मग अर्ध्या तासात होतं: मुगाची खिचडी आणि ताकाची कढी, मोडाची उसळ आणि भात, कुळथाचं पिठलं, किंवा भाजणीचं थालीपीठ आणि दही. भाजणी घरात असली की पाहुणा आला तरी मी सुई खाली ठेवत नाही, लेक थालीपीठ लावते. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरे हे सगळं वेगवेगळं भाजायचं, एकत्र भाजलं की जिरे जळतात आणि ज्वारी कच्ची राहते. दोन किलोचं दळण आम्हा चौघांना महिनाभर जातं. मेतकूटही तसंच. गरम भात, मेतकूट आणि तूप हे कुठल्याही मुलाचं पोटभर जेवण आहे. ते "काही केलं नाही" या खात्यात टाकू नका.

तुमच्या मनाला लागून राहतं, त्याबद्दल आता. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी 289 मिनिटं घरच्या बिनपगारी कामात जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88. म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त एकीकडे आणि दीड तास दुसरीकडे. तुम्ही आळशीपणा करत नाही आहात. तुम्ही पावणेपाच तासांच्या कामावर आणखी तीन-चार तासांचं काम चढवलं आहे आणि दिवस तेवढाच राहिला आहे.

तुमच्या यजमानांबद्दल तुम्ही फक्त एवढंच लिहिलंय की ते "मदत करतात". मला हा शब्द अपुरा वाटतो. मदत करणाऱ्याला दर वेळी सांगावं लागतं, आणि सांगणं हेही कामच आहे. त्यांना आठवड्यातली दोन रात्रीची जेवणं पूर्ण द्या: काय करायचं ते ठरवण्यापासून भांडी ओट्यावरून हलवण्यापर्यंत. आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार माझ्या यजमानांचे. पहिल्या दोन महिन्यांत पिठल्यात गुठळ्या असायच्या आणि भात एकदा फडफडीत, एकदा गिचका. मी बोलले नाही. मी त्या वेळी स्वयंपाकघरात पाऊलच ठेवत नव्हते, हे खरं. उभी राहिले असते तर हात पुढे झाला असता. आज त्यांची अख्ख्या मसुराची आमटी माझ्यापेक्षा चांगली होते आणि मुलं शुक्रवारची वाट बघतात.

मुलगी 11 ची आहे, तिला कुकर लावणं आणि कोशिंबीर जमेल. पण मुलगा 6 चा आहे म्हणून त्याला वगळू नका. लसूण सोलणं, पानं वाढणं, शेंगा निवडणं त्याचं. दोघांनाही सारखं शिकवा. आणि सासूबाईंना विचारा की त्यांना सुई धरायची आहे का. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी घरात वाकळी, म्हणजे गोधड्याच, शिवल्या आहेत. आपण त्यांच्याकडे भाजी निवडायला देतो, आणि त्यांच्या बोटांत तुमच्या-माझ्यापेक्षा सरळ धावदोरा असतो. दिसत नसेल तर दोरा तुम्ही ओवून द्या, दहा सुया एकदम. शिवल्या तर त्यांच्या चौरस फुटाचे पैसे त्यांच्या हातात द्या. घरचं माणूस म्हणून फुकट नको.

माझ्या मनाचं ओझं कशानं उतरलं ते सांगते. एका रात्री मी घरात विचारलं की माझ्या हातचं काय सुटलेलं तुम्हाला चालणार नाही. मला वाटलं, यादी येईल. यजमान म्हणाले, सकाळचा चहा. लेक म्हणाली, तव्यावरची गरम भाकरी, पण रोज नको. आणि मुलगा म्हणाला, "तू आमच्याबरोबर जेवत नाहीस." मी खरंच जेवत नव्हते. सगळ्यांचं झालं की ओट्याशी उभी राहून उरलेलं खायची, कारण शिवण वाट बघत असायचं. जे मी त्यांच्यासाठी टिकवायला धडपडत होते ते त्यांनी मागितलंच नव्हतं. तुम्हीही विचारा. उत्तर काय येईल ते मी सांगू शकत नाही. सासूबाईंचं बहुधा पोळी असेल. पण यादी तुम्ही समजताय त्याहून लहान निघेल.

आणि स्वतः जेवा, ताई. हे मी फार कळकळीनं सांगते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. माझ्याबरोबर शिवणाऱ्यांपैकी दोघी दुपारी चहा-खारीवर दिवस काढायच्या. चार वाजता त्यांचे टाके लांब पडायला लागायचे, डोकं दुखायचं. तपासलं तर दोघींचं हिमोग्लोबिन कमी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि मी नियम केला की साडेबाराला, जी जिथे असेल तिथे, सुया गादीत टोचायच्या आणि जेवायला बसायचं. पालेभाजी, उसळ, लिंबू पिळलेली कोशिंबीर. जेवणानंतर लगेच चहा नको, चहानं अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. शिवताना उजेड डावीकडून घ्या, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडत नाही. अर्ध्या तासानं उठून मान सोडवा. मांडी घालून तीन तास सलग बसलात तर चाळिशीनंतर गुडघे विचारणा करतात.

धंदा कमी करू का, असं तुम्ही विचारलंत. ऑर्डरी कमी करा, धंदा नको. सगळं स्वतःच्या हातानं करायचं हा हट्ट सोडता येतो. श्री महिला गृह उद्योग, म्हणजे लिज्जत पापड, 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केला. त्यांच्या कामाची रीत मला फार शहाणपणाची वाटते. पीठ एका जागी मळायचं म्हणजे चव एकसारखी राहते, आणि लाटायला बायकांनी ते घरी न्यायचं, म्हणजे घर सांभाळून काम होतं. मी तेच गोधडीला लावलं. कापड निवडणं, रंग जाणाऱ्या साड्या ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बाजूला काढणं, थर लावणं, कच्चा धागा घालणं हे माझ्या घरी. धावदोरा पाच जणींच्या घरी. मजुरी चौरस फुटावर, नगावर नाही, नाहीतर मोठी गोधडी जिच्या वाट्याला येते ती नाडली जाते. 60 बाय 90 ची मोठी गोधडी साडेसदतीस चौरस फुटांची, म्हणजे 25 तास. तेवढे तास एकटीनं घरच्या वेळेतून काढायचे तर दोन आठवड्यांहून जास्त जातात. तुम्ही एकीपासून सुरुवात करा. आणि तिच्या घरी फोडणी कुठे होते ते आधी बघून या.

कागदपत्रांचं थोडक्यात: उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. महाराष्ट्रात मालाची विक्री वर्षाला 40 लाखांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही, पण परराज्यात किंवा ऑनलाइन बाजारात विकायचं असेल तर नियमांना अटी आहेत, तेव्हा आधी सल्लागाराला एकदा विचारा. धंद्याचं बँक खातं वेगळं काढा. किराणा आणि दोरा एकाच खात्यातून गेला की वरचा हिशेब कधीच जमत नाही.

वही मात्र एकच ठेवा. माझ्या वहीच्या डाव्या पानावर आठवड्याच्या ऑर्डरी चौरस फुटात असतात आणि उजव्या पानावर त्या आठवड्याचा स्वयंपाक, कुणी करायचा त्या नावासकट. डावं पान 25 फुटांच्या वर गेलं की उजव्या पानावर खिचडी आणि थालीपीठ वाढतं. उजव्या पानावर पाहुणे, श्रावणातली पुरणपोळी किंवा कुणाचा ताप आला की डाव्या पानावरच्या गिऱ्हाइकाला मी त्याच दिवशी फोन करते आणि तारीख पुढे घेते. आधी कळवलं तर लोक चिडत नाहीत. शेवटच्या दिवशी कळवलं की चिडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

आता तुमचा छोटा प्रश्न. तुमच्या आजी गोधडी पुरी होताना शेवटच्या कोपऱ्यात पोळीचा तुकडा घालायच्या, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. विकायच्या गोधडीत तो घालावा का? माझी आजीही घालायची, हळद-कुंकू लावून. विकायच्या गोधडीत घालू नका. अन्नाच्या मागे मुंग्या आणि कसर लागते, आणि ती बाळाच्या अंगाखाली जायची असते. मी घरातल्या जुन्या, मऊ झालेल्या, स्वच्छ धुतलेल्या सुती साडीचा बोटभर चौकोन घेते, घडी घालून शेवटच्या कोपऱ्यात ठेवते आणि वरून टाके घालते. चिठ्ठीत त्याबद्दल एक ओळ लिहिते: "कोपऱ्यात थोडं जाड लागेल, तो गोधडीचा घास आहे, उसवू नका." घरच्या गोधडीत मात्र पोळीच घालते, आणि ती त्या दिवशीच्या तव्यावरची असते, मग लाटलेली कुणीही असो.